पाच पैजा एका स्लिपवर: भावाबरोबर आणखी काय काय गुणलं जातं?

अनभिज्ञ:

मंडळी, मी स्वतः पैजा लावत नाही. पण फुटबॉलचा मोसम सुरू झाला की मित्रांच्या ग्रुपवर दर शनिवारी एकाच विषयावरून जुंपते आणि मला पंच म्हणून मध्ये ओढलं जातं.

विषय असा. एकेका सामन्यावर वेगळी पैज लावायची, की चार-पाच सामन्यांचे निकाल एकाच स्लिपवर बांधायचे? (याला कुणी अ‍ॅक्युम्युलेटर म्हणतं, कुणी पार्ले, कुणी मल्टी.) बांधलेल्या स्लिपवर सगळ्या भावांचा गुणाकार मिळतो. पण एक जरी निकाल उलटला तरी सगळं गेलं.

पहिला गट म्हणतो, ही शुद्ध लूट आहे, बुकीचा हिस्सा दर निकालागणिक गुणला जातो. दुसरा गट म्हणतो, भाव तेच आहेत, गुणाकार सरळ आहे, मग जादा लूट आली कुठून? तिसऱ्या गटात एकच माणूस आहे, पण आवाज तिघांचा: "नुसते हमखास जिंकणारे संघ उचला, पाचच्या पाच येतात."

मला पहिले दोन्ही गट पटतात, तिथेच घोळ आहे. कुणी आकडे मांडून दाखवेल का? पैज लावणं चांगलं की वाईट यासाठी वेगळा धागा काढा, इथे नको.

रिकामटेकडा:

जागा धरून ठेवतो. सावकाश वाचेन.

आकडेमोड्या:

सोप्यात सोपं उदाहरण घेऊ. दोन्ही बाजूंची शक्यता अगदी ५०-५० आहे असे सामने धरा. रास्त भाव २.०० व्हायला हवा, म्हणजे १०० लावले तर जिंकल्यावर मुद्दलासकट २०० हातात. बुकी देतो १.९०. सरासरीने तुमच्या १०० मागे ९५ परत येतात, ५ त्याचे.

आता बांधत जाऊ.

दोन निकाल: मिळणारा भाव ३.६१, रास्त भाव ४. सरासरी परतावा ९०.२५.
पाच निकाल: मिळणारा २४.७६, रास्त ३२. परतावा ७७.३८.
दहा निकाल: मिळणारा ६१३, रास्त १०२४. परतावा ५९.८७.

म्हणजे ०.९५ चा घात चढत जातो, बाकी काही नाही. एका पैजेवर ५ टक्के असलेली कात्री पाच निकालांवर २२.६ टक्के आणि दहावर ४० टक्के होते. गंमत अशी की स्लिपवर ६१३ हा आकडा ठळक दिसतो, १०२४ कुठेच दिसत नाही. त्यामुळे माझं मत पहिल्या गटाला.

टवाळ_वासू:

०.९५ चा घात. बुकीने गणिताच्या पुस्तकातच लिहून ठेवलं होतं, आपण वाचलं नाही.

पैलतीर:

आकडेमोड्या, गणित बिनचूक आहे, निष्कर्षाला माझी हरकत आहे.

बांधलेली स्लिप म्हणजे काय? पहिला सामना जिंकला की आलेली सगळी रक्कम दुसऱ्यावर, तो जिंकला की सगळी तिसऱ्यावर. हेच मी स्वतः केलं, पाच वेगळ्या पैजा लावून आणि दर वेळी आलेलं सगळं पुढे ढकलून, तर शेवटी तंतोतंत तेवढीच रक्कम हातात येते. मग याला लूट म्हणायचं की 'जास्त खेळणं'?

हिशोब करून बघा. पहिल्या सामन्यावर १०० लागले. दुसऱ्यावर निम्म्या वेळा १९० लागतात, निम्म्या वेळा काहीच नाही, म्हणजे सरासरी ९५. तिसऱ्यावर सरासरी ९०.२५, चौथ्यावर ८५.७४, पाचव्यावर ८१.४५. एकूण उलाढाल ४५२.४४. तिचे ५ टक्के काढा: २२.६२. तुमचा तोटाही १०० वजा ७७.३८, म्हणजे २२.६२च!

बुकीने दर वाढवलेला नाही. टोल तेवढाच आहे, तुम्ही एका खेपेत पाच नाके ओलांडताय. दुसरा गट चूक नाही.

आकडेमोड्या:

ही उलाढालीची बेरीज मी कधी मांडून बघितली नव्हती. झकास. तरी एक शंका. चार सामने जिंकल्यावर हातात १३०३ असतात. हाताने खेळणारा माणूस त्यातले सगळे पाचव्या सामन्यावर लावेल का? बहुतेक जण निम्मे खिशात घालतील. स्लिप तो निर्णय घ्यायची संधीच ठेवत नाही. तुम्ही शुक्रवारी रात्री १०० लावण्याचा निर्णय घेतलात, पण खरं तर रविवारी १३०३ लावण्याचाही घेतलात, फक्त तसं वाटलं नाही.

पैलतीर:

हे मान्य. पण हा माणसाच्या स्वभावाचा मुद्दा झाला, भावाचा नाही.

चिकित्सक_मावशी:

तिसऱ्या गटातल्या त्या एकट्या वीराकडे कुणी बघतच नाहीये, म्हणून मी बघते.

'हमखास' संघाचा भाव साधारण १.२० असतो. या भावात नुसतं ना नफा ना तोटा व्हायला तो संघ ८३.३ टक्के वेळा जिंकायला हवा. बुकीची कात्री धरून खरी शक्यता ८० टक्के समजू. असे पाच बांधले की भाव होतो २.४९ आणि पाचही येण्याची शक्यता ०.८ चा पाचवा घात, ३२.८ टक्के. एक तृतीयांशसुद्धा नाही! सरासरी परतावा ८१.५. पाच हमखास मिळून एक बेभरवशाची स्लिप तयार झाली.

आता खरी मेख. नेमके चार येऊन एक चुकण्याची शक्यता किती? ४१ टक्के. म्हणजे या स्लिपचा सर्वांत जास्त वेळा येणारा निकाल 'पाचही बरोबर' हा नाहीच, 'एकाने घोळ केला' हा आहे. त्यामुळे तुमच्या ग्रुपवर दर रविवारी "अरे, फक्त त्या एका संघाने दगा दिला, नाहीतर..." असा मेसेज येत असणार. येतो ना?

अनभिज्ञ:

मावशी, तुम्ही आमच्या ग्रुपवर आहात का? शब्दन् शब्द तोच असतो. गेल्या रविवारी ८८व्या मिनिटाच्या गोलवरून जी बोंबाबोंब झाली ती मंगळवारपर्यंत चालली होती.

चिकित्सक_मावशी:

५०-५०च्या सामन्यांतही तेच. पाच निकालांत पाचही येण्याची शक्यता ३२ त १, नेमके चार येण्याची ३२ त ५. थोडक्यात हुकणं हे लागण्याच्या पाचपट. पण माणसाला ते "जवळ पोचलो" असं वाटतं आणि पुढच्या आठवड्यात तो परत येतो. पहिल्याच सामन्यात मेलेली स्लिप कुणी ग्रुपवर टाकत नाही, शेवटच्या मिनिटाला मेलेलीच टाकतात.

मनात असंही होतं की जितके तपशील जोडू तितकं चित्र खरं वाटू लागतं. ट्वर्स्की आणि काहनेमन यांनी १९८३ साली यावर लिहिलंय: लोक 'अ आणि ब दोन्ही' हे नुसत्या 'अ'पेक्षा जास्त संभवनीय मानतात, जे कधीच शक्य नाही. "अमुक संघ जिंकेल, तोही दोन गोलांनी, आणि पहिला गोल त्यांच्या कप्तानाचा" हे ऐकायला किती पटतं! प्रत्येक 'आणि' शक्यता कमीच करतो.

मुक्तछंद:

मावशींना दंडवत. वाचनखूण साठवली.

टवाळ_वासू:

युधिष्ठिराने सगळं एका स्लिपवर बांधलं नव्हतं बरं का. एकेक डाव वेगळा लावून शिस्तीत हरला.

पैलतीर:

वासू, तिथे फासेच शकुनीचे होते. तिथे बांधा नाहीतर सोडा. (अवांतराबद्दल क्षमस्व.)

आशावादी:

इतकं गणित वाचून असं वाटतं की कुणाला कधी लागतच नाही. माझ्या ओळखीत एकाला बारा निकालांची स्लिप लागली आहे. फोटो पाहिलाय, अफवा नाही. थोड्या पैशांत एवढी मोठी रक्कम आणखी कशातून मिळते? एकेका पैजेतून तर जन्मात नाही.

आकडेमोड्या:

आशावादी, लागते. लाखो स्लिपा निघतात, त्यातल्या काही लागणारच. प्रश्न एका माणसाच्या वाट्याला काय येतं हा आहे. दहा निकालांची ५०-५० स्लिप घ्या, शक्यता १०२४ त १. दर आठवड्याला एक, सलग वीस वर्षं. वीस वर्षांत एकदाही न लागण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के! पाच निकालांची घेतली तरी शंभर स्लिपांत एकही न लागण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या वर उरते. शंभर स्लिपा म्हणजे आठवड्याला एक धरली तर जवळजवळ दोन वर्षं.

पण तुमचा शेवटचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. थोड्या रकमेत मोठी रक्कम येण्याची बारीकशी शक्यता, हेच विकत घ्यायचं असेल तर अ‍ॅक्युम्युलेटर ती देतो. फक्त त्याची किंमत माहीत असावी. १०० मागे २२.६ ही पाच निकालांची किंमत.

आशावादी:

बरं. सिनेमाच्या तिकिटासारखं समजायचं म्हणजे. एवढं तर मी आधीच समजत होतो.

अश्वमेध:

आता घोड्यांचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही.

२८ सप्टेंबर १९९६. इंग्लंडमधलं अ‍ॅस्कॉट. त्या दिवशी सात शर्यती होत्या आणि फ्रँकी डेटोरी या जॉकीने सातच्या सात जिंकल्या. सातही एकत्र बांधल्याचा भाव सुमारे २५,००० ला १ पडत होता (म्हणजे १ लावला तर नफा २५,०००). नुसत्या त्याच्या नावावर 'आज याचे सगळे घोडे' म्हणून स्लिपा लावणारे चाहते गावोगाव होते.

मजा सातव्या शर्यतीत. घोडा फुजियामा क्रेस्ट, सकाळी भाव १२ ला १. सहा शर्यती झाल्या तेव्हा बुकींच्या लक्षात आलं की देशभरातल्या बांधलेल्या स्लिपांचे पैसे आता या एका घोड्याच्या मानेवर बसलेत. भाव पाडत पाडत सुटायच्या वेळी २ ला १ वर आणला. घोडा सकाळपेक्षा जास्त वेगवान झाला नव्हता. भाव पडला तो अंगावर येणाऱ्या देण्याच्या भीतीने. मैदानावरच्या काही बुकींनी उलटा विचार केला: या घोड्याला हा भाव फारच कमी आहे, याच्यावर येतील तेवढ्या पैजा घ्या! त्यांची गणिती बाजू भक्कम होती. घोडा जिंकला आणि ते साफ झोपले. बुकींना मिळून कोट्यवधी पौंडांचा फटका बसला.

म्हणजे बांधलेल्या पैजेची जोखीम बुकीलाही आहेच. त्याच्याकडे वर्षभर सोसायला गल्ला असतो, एवढाच फरक. आणि तरीही काहींचा पुरला नाही.

पैलतीर:

मस्त किस्सा. पण यात एक प्रश्न लपलाय. सातही घोड्यांवर जॉकी एकच. त्या दिवशी तो फॉर्मात असेल, किंवा मैदान त्याच्या शैलीला मानवणारं असेल, तर सात निकाल एकमेकांपासून स्वतंत्र कसे? मग २५,००० हा नुसता गुणाकार खरी शक्यता दाखवतो का?

संभाव्य:

याचीच वाट बघत होतो. वरचं सगळं गणित एका गृहीतावर उभं आहे: निकालांचा एकमेकांशी संबंध नाही. संबंध असेल तर गुणाकार करण्याचा हक्कच राहत नाही.

याचं सर्वांत भयानक उदाहरण पैजेतलं नाही, कोर्टातलं आहे. इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क या आईची दोन तान्ही मुलं एकापाठोपाठ दगावली. तिच्यावर खुनाचा खटला चालला. तज्ज्ञ साक्षीदाराने सांगितलं की अशा कुटुंबात एक मूल अचानक दगावण्याची शक्यता ८,५४३ त १, म्हणून दोन दगावण्याची ८,५४३ गुणिले ८,५४३, सुमारे ७ कोटी ३० लाखांत १. १९९९ साली तिला शिक्षा झाली. पण एकाच घरातली भावंडं! काही अनुवंशिक किंवा परिसरातलं कारण असेल तर ते दोघांनाही लागू. पहिलं मूल दगावलं असेल तर दुसऱ्याची शक्यता ८,५४३ त १ राहतच नाही. २००१ साली रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने या आकड्यावर जाहीर आक्षेप घेतला. २००३ साली तिची सुटका झाली, तीही मुख्यतः दडून राहिलेल्या वैद्यकीय पुराव्यामुळे. तोवर तीन वर्षांहून जास्त काळ ती तुरुंगात होती.

गुणाकाराचं चिन्ह फार निरागस दिसतं, म्हणून सांगितलं.

मुक्तछंद:

हे वाचून थोडा वेळ थांबलो.

चिकित्सक_मावशी:

संभाव्य, पैजेत हे उलट दिशेने पण चालेल ना? संबंध असेल तर एकत्र येण्याची शक्यता वाढेल. मग खेळणाऱ्याचाच फायदा?

संभाव्य:

बुकीने वेड्यासारखा सरळ गुणाकार केला तर हो. म्हणूनच तो करत नाही. एकाच सामन्यातल्या दोन पैजा पूर्वी सहसा बांधू देत नसत. आता देतात, पण भाव गुणाकाराचा नसतो.

उदाहरण. संघ जिंकण्याची शक्यता ५० टक्के, त्यांच्या मुख्य खेळाडूने गोल करण्याची ४० टक्के. स्वतंत्र असते तर दोन्ही मिळून २० टक्के, रास्त भाव ५.००. पण तो संघ जिंकला तर त्या खेळाडूने गोल केला असण्याची शक्यता वाढून समजा ६० टक्के. मग दोन्ही मिळून ३० टक्के, रास्त भाव ३.३३. बुकी दाखवतो २.८०. परतावा ८४. कात्री १६ टक्के!

आणि ती दिसत नाही, हा खरा त्रास. साध्या सामन्याचे दोन्ही बाजूंचे भाव समोर असतात, त्यावरून कात्री काढता येते: १ भागिले १.९०, दोनदा, बेरीज १.०५२६, म्हणजे १०५.२६ जमले तर वरचे ५.२६ बुकीचे, १०० मागे तेच ५. एका सामन्याच्या बांधलेल्या पैजेला 'दुसरी बाजू' विकायलाच नसते. तुलना कशाशी करणार?

पैलतीर:

म्हणजे इथे मात्र टोलसुद्धा वाढला आणि फलकही काढून टाकला. एकाच सामन्यातल्या पैजांपुरता मी पहिल्या गटात जातो.

रिकामटेकडा:

वाचून झालं. मला वाटलं होतं कुणीतरी यँकी काढेल. कुणी काढली नाही म्हणून मी काढतो.

चार निकाल घ्यायचे आणि त्यांच्या सगळ्या जोड्या, त्रिकुटं आणि चौकडी लावायची: ६ अधिक ४ अधिक १, एकूण ११ पैजा. याला यँकी म्हणतात. पाच निकालांचे २६, त्याला कॅनेडियन. सहाचे ५७, त्याला हाइन्झ, कारण त्या सॉसवाल्या कंपनीची '५७ प्रकार' ही जुनी जाहिरात. सातचे १२० म्हणजे सुपर हाइन्झ, आठचे २४७ म्हणजे गोलायथ.

लोकांना वाटतं यात एक-दोन चुकले तरी चालतं, म्हणजे सुरक्षित. १.९० च्या चार निकालांवर यँकी लावली, प्रत्येक पैजेला १, एकूण खर्च ११. दोन आले तर हातात ३.६१. "लागली!" म्हणून नाचायचं आणि ७.३९ गमवायचे. तीन आले तर १७.६९, चारही आले तर ६२.१३. फायद्यात जाण्याची शक्यता १६ त ५. सरासरी परतावा ११ मागे ९.६६, म्हणजे ८७.८ टक्के. पाच एकत्र बांधण्यापेक्षा बरं, एकेकटीपेक्षा वाईट. अगदी मधलं.

टवाळ_वासू:

रिकामटेकड्याने एवढं काम केलं? नाव बदला.

आशावादी:

पण मध्येच पैसे काढून घ्यायची सोय असते ना? कॅश आउट. चार आले की पाचव्याची वाट बघायचीच नाही. मग जोखीम कुठे उरली?

आकडेमोड्या:

तेच पाच निकाल. १०० लावलेत, चार आले, पाचवा आला तर २४७६. पाचवा ५०-५०, म्हणजे या घडीला स्लिपची रास्त किंमत १२३८. बटणावर समजा ११०० दिसतात. ११ टक्के परत कापले. पाचही टोल भावातच कापून झालेत, आता बाहेर पडायचाही टोल.

दुसरा मार्ग: पाचव्या सामन्याच्या विरुद्ध बाजूवर १.९० ने स्वतंत्र पैज. १३०३ लावले तर कोणीही जिंको, तुम्हाला २४७६ मिळणार, लावलेले वजा करून ११७३ पक्के. बटणापेक्षा ७३ जास्त. अट एकच, १३०३ हाताशी हवेत. ज्याने १०० लावले त्याच्याकडे बहुधा नसतात, आणि बटण त्याच्यासाठीच असतं. मात्र बरोबरीचा निकाल शक्य असेल, तर आधी विरुद्ध बाजूत बरोबरी धरली आहे का ते बघा, नाहीतर दोन्हीकडून जाल.

नीरक्षीर:

सगळे 'बुकी हुशार, खेळणारा भोळा' असं धरून बोलताय. खेळणारा खरंच जाणकार असेल तर? घाताचं गणित दोन्ही बाजूंना चालतं. प्रत्येक पैजेत मला ३ टक्के फायदा असेल तर पाच बांधल्यावर १५.९ टक्के होतो. मग जाणकाराने बांधावंच की.

संभाव्य:

नीरक्षीर, मुद्दा रास्त आहे, दोन पुरवण्या.

एक, रक्कम किती लावायची. केली यांचं १९५६ चं सूत्र: फायद्याला 'भाव वजा १' ने भागा, गंगाजळीचा तेवढा भाग लावा. सामने ५०-५० धरले तर ३ टक्के फायदा म्हणजे भाव २.०६, म्हणून एकेका पैजेला ०.०३ भागिले १.०६, म्हणजे २.८ टक्के. बांधलेल्या स्लिपचा भाव ३७.१, म्हणून ०.१५९ भागिले ३६.१, म्हणजे अर्धा टक्काही नाही. फायदा पाचपट दिसतो आणि लावायची रक्कम एक षष्ठांशाहून कमी होते.

दोन, तुम्ही जाणकार आहात हे कशावरून? तुम्हाला वाटतं प्रत्येक सामन्यात शक्यता ५५ टक्के आहे, भाव १.९०. एका पैजेत साडेचार टक्के फायदा, पाच बांधले की जवळजवळ २५ टक्के. खरी शक्यता ५२ निघाली तर? एका पैजेत १.२ टक्के तोटा, फारसा कळणारही नाही. पाच बांधल्यावर ६ टक्के तोटा. आणि ही चूक पाच ठिकाणी वेगवेगळी नसते. घरच्या मैदानाला तुम्ही जास्त महत्त्व देत असाल तर पाचही सामन्यांत देता. सामने स्वतंत्र असतील, तुमच्या चुका स्वतंत्र नसतात.

नीरक्षीर:

शेवटचं वाक्य पटलं. तरी ज्याचा अंदाज खरोखर तपासलेला आहे, भरपूर नोंदी ठेवून, त्याला बांधणं वर्ज्य नाही, एवढं माझं राहतं.

संभाव्य:

राहू दे. त्यात चूक नाही.

अनभिज्ञ:

मंडळी, भरभरून लिहिलंत. मूळ प्रश्नावर येतो. पहिला गट बरोबर की दुसरा? ग्रुपवर एका ओळीत टाकायचंय.

चिकित्सक_मावशी:

दोघे वेगवेगळ्या भाजकाने भागताहेत. पहिला गट तोट्याला खिशातून गेलेल्या १०० ने भागतो, उत्तर २२.६ टक्के. दुसरा गट फिरलेल्या ४५२ ने भागतो, उत्तर ५ टक्के. तोटा दोघांचा २२.६२च. तेच १०० पाच सामन्यांवर वीस-वीस करून लावले असते तर उलाढालही १०० आणि तोटा ५. एका ओळीत मावत नाही, दोन टाका.

अनभिज्ञ:

टाकलं. दुसऱ्या गटाने लगेच "आम्ही म्हणत नव्हतो?" असं उत्तर दिलं, पहिल्यानेही तेच. तिसऱ्या गटाने विचारलंय की त्याच्या या आठवड्याच्या स्लिपमधला एक सामना पावसामुळे रद्द झाला, आता पूर्ण स्लिप बाद का?

आकडेमोड्या:

सहसा नाही. बहुतेक ठिकाणी रद्द सामन्याचा भाव १.०० धरतात, पाचाची चाराची स्लिप होते. नियम मात्र आधी वाचायला सांगा. सामना काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळला तर तो धरायचा की नाही, हे ठिकठिकाणी वेगळं असतं. त्याच्या १.२० च्या पाचांचा भाव २.४९ वरून २.०७ वर येईल.

रिकामटेकडा:

आणि उरलेले चारही येण्याची शक्यता ४१ टक्के. पावसाने त्याचं भलंच केलं, परतावा ८१.५ वरून ८५ वर गेला. आणखी दोन रद्द झाले तर ९२ वर जाईल.